पाहुण्यांची कंबर

तीर्थरूप मामांस,

तुमच्या एकुलत्या एका भाचीचा, म्हणजे बदलून न मिळणाऱ्या मालाचा, नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. कोणी गेलेलं नाही आणि कोणाचं लग्नही ठरलेलं नाही. आईचा गुडघा जिना उतरताना बोलतो आणि चढताना गप्प बसतो, एरवी ती ठणठणीत आहे. माझी पाठ हळूहळू खुर्चीचा आकार घेते आहे. तुम्हीही बरे असाल असं धरून चालते. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही मनात म्हणालाच असाल. तर फोनवर तुम्ही तिसऱ्या वाक्याला "मुद्द्यावर ये" म्हणता, आणि या गोष्टीत मुद्दा येईपर्यंत बरंच काही घडतं. पत्राला मध्येच थांबवता येत नाही. (न वाचता ठेवून देता येतं, हे मला माहीत आहे. ठेवू नका.)

विषय तुमच्या प्रोग्रामचा आहे. म्हणजे आता माझ्या. नाटक कंपनीच्या कपडेपटात मुख्य कटर असताना, कागदावर वाकून बेतता बेतता मान धरली म्हणून तुम्ही पन्नाशीत संगणक शिकलात आणि तो लिहिलात. एका बाजूला माणसाची मापं भरायची, मधे त्या मापांचा माणूस रेघांनी उभा राहतो (मानेपासून खाली, डोक्याला कापड लागत नाही म्हणून तुम्ही डोकं काढलंच नाहीत), आणि दुसऱ्या बाजूला कोट असो की विजार, कापायचे तुकडे आखून मिळतात. निवृत्त होताना तो माझ्या हवाली केलात, टाचणांची एक पिशवी दिलीत आणि बजावलंत, "चालतोय तो. हात लावू नकोस." मामा, मी हात लावला.

मला लावावाच लागला. सात महिन्यांपूर्वी कपडेपटात संगणकाची चार नवी मशीन आली आणि ती एका जातीची नव्हती. चिन्हावरून सांगायचं तर दोन खिडकीवाली, एक सफरचंदवालं (ते दिसायला छान म्हणून) आणि एक पेंग्विनवालं (तो सर्व्हरवाल्याचा हट्ट म्हणून). तुमचा प्रोग्राम फक्त पहिल्या जातीवर चालायचा. तो तिन्ही जातींवर चालवायचं काम माझ्याकडे आलं, ते मी केलं, आणि सगळं झाल्यावर एक फडतूस प्रश्न उरला. प्रोग्राम वापरणाऱ्याची सेटिंग ठेवायची कुठे? अक्षर केवढं हवं, इंच हवेत की सेंटिमीटर, अलीकडे कोणाकोणाची मापं उघडली, आणि नाव न घालता भरलेलं शेवटचं माप कोणतं, एवढीच ती यादी. एका पोस्टकार्डावर मावेल इतकी. पण पोस्टकार्ड ठेवायला जागा लागतेच ना.

तुमची पद्धत सोपी होती, जिथे प्रोग्राम तिथेच त्याच्या शेजारी फाइल, कात्रीशेजारी टेप ठेवावा तशी. आता ते चालत नाही. नवी मशीन प्रोग्रामच्या शेजारी काही ठेवू देत नाहीत, हॉटेलात टेबलावर पिशवी ठेवू देत नाहीत तसं. खिडकीवाल्यात दोन फडताळं असतात. एक त्याच मशीनमध्ये मुक्काम ठोकून असतं, आणि दुसरं माणसाबरोबर प्रवास करतं, म्हणजे तुम्ही दुसऱ्या मशीनवर जाऊन बसलात की ते तुमच्याआधी तिथे सामानासकट हजर. सफरचंदवाल्यात 'लायब्ररी' नावाची खोली आहे. तिच्यात पुस्तक एकही नाही आणि दार सहसा दिसत नाही. पेंग्विनवाल्यात फोल्डरच्या नावाआधी नुसतं टिंब दिलं की फोल्डर अदृश्य होतो. (हे घरात जमलं असतं तर मी कपाटाऐवजी टिंबं आणली असती.) यातलं योग्य काय यावर जगभरचे प्रोग्रामवाले वर्षानुवर्षं भांडताहेत. ती भांडणं मी तीन आठवडे वाचली. एका भांडणात दोघे जण शेवटी एकमेकांच्या शाळेची चौकशी करण्यापर्यंत आले होते. आणि तीन आठवड्यांच्या या अभ्यासानंतर मी साडेचार मिनिटांत निर्णय घेतला, की एकच फोल्डर, प्रवास करणारा, सर्व्हरवर, तिन्ही जातींना सामायिक, आणि त्यात सगळंच एका गाठोड्यात. कपडेपटात कोणाला पासवर्ड लक्षात राहत नाही म्हणून सगळ्यांचं मिळून एकच खातं आहे, 'कपडेपट' नावाचं. तेव्हा त्या खात्यातून जो कोणी कुठल्याही मशीनवर बसेल त्याला तेच मोठं अक्षर, तेच इंच. मला फार हुशार असल्यासारखं वाटलं. प्रोग्राम आपला आपण नवा होतो, तेव्हा तो बदल जाऊन पोचलाही.

पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला. बाई म्हणजे तुमच्या जागेवर आलेल्या कटर. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. बाई कमी बोलतात, तोंडात टाचण्या धरायची सवय असल्यामुळे. त्या म्हणाल्या, "तुमच्या प्रोग्राममध्ये कोणीतरी उभं आहे."

मी म्हटलं, "म्हणजे कसं?"

"म्हणजे उभं. आम्ही उभं केलेलं नाही."

मी गेले. तुमच्या वेळची ती वरच्या मजल्यावरची लांब खोली तशीच आहे. छताच्या काचांतून पांढरा उजेड पडतो, भिंतीलगत डोकं नसलेले पुतळे चादरी पांघरून रांगेत, मधे ती दोन मोठी टेबलं, आणि कोपऱ्यात वाफेच्या इस्त्रीमागे तेच इस्त्रीवाले, तीस वर्षांपासून. भर सकाळी, एवढ्या उजेडात, चारही मशीनच्या पडद्यांवर एकच माणूस उभा होता. पुरुष. नावाची जागा कोरी. कंबर छत्तीस, उंची बेताची, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली. आखणीतली चूक वाटावी असा तो खांदा, पण मापात तो मुद्दाम वेगळा भरलेला होता. बाईंनी कंपनीतल्या सगळ्यांची मापं तपासली होती. असा खांदा कोणाचाच नव्हता.

मी हसून म्हटलं, की कोणीतरी नाव न घालता माप भरलंय, पुसते. पुसलं. पुढच्या सोमवारी तो परत आला. मी प्रोग्राम काढून टाकून नव्याने घातला. घालून उघडला, तर तो उभाच. (प्रोग्राम काढला तरी सेटिंग जात नाहीत, भाडेकरू गेला तरी भिंतीतले खिळे राहतात तसं. हे मला कळतं. पण खुर्चीत बसून ते कळणं वेगळं, आणि बाई, इस्त्रीवाले आणि चौदा बिनडोक्याचे पुतळे मागे उभे असताना कळणं वेगळं.) मग मी सेटिंगचं गाठोडंच फेकून दिलं. आठवडाभर पडदा कोरा राहिला. सोमवारी फोन आला, "आले." बाई तोवर त्याच्याविषयी आदराने बोलायला लागल्या होत्या. त्यांनीच त्याचं नाव 'पाहुणे' ठेवलं. एका बिघडलेल्या मशीनच्या बदली आलेल्या, खोक्यातून काढलेल्या, कोणी हातही न लावलेल्या मशीनवर आम्ही पहिल्यांदा प्रोग्राम घातला, तेव्हाही पाहुणे आमच्याआधी पोचले होते.

मग कोटाचा प्रकार झाला. नव्या नाटकातल्या राजाचा मखमली कोट बेतायचा होता. बाई घाईत होत्या, यादीतून 'राजा' निवडायचं राहिलं आणि समोर उभ्या पाहुण्यांच्याच मापाने तुकडे आखून निघाले. बाईंच्या हातून असं कधी होत नाही, त्यामुळे कोणी तपासलंही नाही. राजाचं काम करणारे नट चांगले दणकट, रुंद खांद्यांचे. त्यांनी तो कोट कसाबसा अंगात घातला, आरशासमोर उभे राहिले आणि गप्प झाले. हे गृहस्थ कधी गप्प होत नाहीत, भूमिकेत संवाद नसला तरी. मग म्हणाले, "हा कोट कोणीतरी आत्ताच काढून ठेवलाय. अजून ऊब आहे."

बाई म्हणाल्या, "आत्ताच इस्त्री झालीय म्हणून."

"इस्त्रीची ऊब मला कळते हो. ही काखेत आहे."

त्यांनी कोट काढला आणि तो परत अंगाला लावायला नकार दिला. दुसरा शिवावा लागला. तो पहिला एका पुतळ्यावर चढवून ठेवला होता, तर दुपारी इस्त्रीवाले आपलं काम सोडून त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले. उजव्या खांद्यावरून त्यांनी हात फिरवला, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. म्हणाले, "या माणसाच्या कोटाला मी इस्त्री केलेली आहे." कोणाच्या, असं मी विचारलं. त्यांनी कोटाची कॉलर उलटून बघितली. मग म्हणाले, "चेहरे माझ्या हाताखालून जात नाहीत. खांदा ओळखीचा आहे. या खांद्यावर वजन वाहिलेलं आहे." आणि परत जाऊन बाह्यांना इस्त्री करू लागले. मी त्या दिवशी लवकरच जिना उतरून निघाले. (उतरताना माझाही गुडघा बोलला. आनुवंशिक दिसतं.)

आता यापुढचा भाग लिहिताना मी खिडकी उघडून बसले आहे, रस्त्यावरचा आवाज आत यावा म्हणून.

दर खेपेला मी पाहुण्यांची मापं वहीत उतरवून घेत होते, चूक शोधायला उपयोगी पडतात म्हणून. दीड महिन्याने वही चाळताना दिसलं, की कंबर छत्तीस नव्हती. पस्तीस होती. पुढच्या महिन्यात चौतीस. छाती उतरत होती, मांडीचा घेर उतरत होता, मनगटसुद्धा पाव इंच गेलं होतं. उंची तीच, बाहीची लांबी तीच, खांद्याचा तो पाऊण इंच तोच. हाडं जागच्या जागी आणि त्यांच्यावरचा माणूस मात्र थोडा थोडा कमी होत चाललेला. मी बाईंना वही दाखवली. बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या, एकेक करून, सहा. म्हणाल्या, "मला वाटलं मलाच तसं दिसतंय."

त्यांनाही ते दिसलं होतं, इस्त्रीवाल्यांनाही दिसलं होतं, आणि वेड्यात काढतील म्हणून एकमेकांना कोणीच बोललं नव्हतं. त्यानंतर खोलीची रीतच बदलली. सोमवारी सकाळी सगळे आधी पडद्यापाशी जायचे, दवाखान्यात उशापाशी जातात तसे. "आज कसे आहेत?" असं विचारायचे. एका सोमवारी पाव इंच वाढला होता, तर बाईंनी सगळ्यांना चहा पाजला. माप पुसायची सोय माझ्या हातात होती, पण आता ते पुसायला कोणी तयार होईना. इस्त्रीवाले म्हणाले, "आजारी माणसाला पुसू नये." मामा, मी शिकलेली बाई आहे, प्रोग्राम लिहिते, आणि मी तो आकडा पुसला नाही.

पण कोणीतरी तो बदलत होतं, हे तर खरं. भुतं मापं घेत नाहीत, निदान अर्ध्या इंचापर्यंत तरी नाही. आधी आम्हाला एकमेकांचा संशय आला. म्हणून या सोमवारी मी पहारा लावला. दार आतून बंद केलं, तीन मशीन बंद करून त्यांच्या वायरी काढल्या, आणि चौथ्यासमोर आम्ही तिघं बसलो, बाई, इस्त्रीवाले आणि मी, हात मांडीवर ठेवून, शाळेत तपासनीस आल्यावर बसतात तसे. कंबर बत्तीस होती. दहा वाजले. खाली मंचावर कोणीतरी तलवारी मोजत होतं, त्यांचा खणखणाट ऐकू येत होता. सव्वादहा वाजले, आणि पाहुण्यांची कंबर आत गेली.

कोणी काही दाबलं नाही, मामा. दोन्ही बाजूंच्या रेघा सावकाश आत आल्या आणि चौकटीतला आकडा एकतीस झाला. (फाइल बदलली की चित्रही लगेच बदलावं ही सोय मीच घातलेली. ती करताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.) मग काहीच नाही. मग छाती बदलली. मग परत काही नाही, आणि मग मांडी. दोन आकड्यांच्या मधे जो वेळ जात होता तो मशीनचा नव्हता. टेप सोडवून दुसरीकडे गुंडाळायला, चष्मा वर करून आकडा बघायला, तो भरायला जेवढा लागतो तेवढाच होता. बाईंनी माझा हात धरला. आणि शेवटी पाहुण्यांची कंबर परत थोडी बाहेर आली. साडेएकतीस.

इस्त्रीवाले हळूच म्हणाले, "पोट आत घेतलं होतं. आता सोडलं."

या वाक्याला मला हसू यायला हवं होतं. बाई रडायला लागल्या. मी उठले आणि तळघरात सर्व्हरवाल्याकडे गेले.

सर्व्हरवाल्याची खोली थंडगार, खिडकी नाही, पंख्यांचा एकसुरी आवाज. तो माणूस तिथे स्वेटर घालून बसतो आणि वर ऊन आहे हे त्याला सांगावं लागतं. मी त्याला विचारलं, 'कपडेपट' खात्याने आत्ता किती मशीन जोडलेली आहेत? त्याने बघितलं. "दोन."

"चालू तर एकच आहे. बाकीच्यांच्या वायरी माझ्या हातात आहेत." खरंच होत्या, मी त्या तशाच घेऊन खाली आले होते.

"दोन. आणि खात्यात नोंदलेली एकूण पाच. पाचवं दर सोमवारी येतं, सव्वादहाच्या सुमाराला, वीस मिनिटं थांबतं आणि जातं." त्याने पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा, गेलं."

पाचव्या मशीनचं नाव मी वाचलं. वाचून त्याला म्हटलं, की ठीक आहे, मी बघते, काढू नका ते. वर जाऊन बाईंना सांगितलं, की दोष प्रोग्रामचा आहे, भिण्यासारखं काही नाही. आणि खुलासा असा, की मी जे गाठोडं प्रवासाला पाठवलं त्यात नाव नसलेलं माप घालायलाच नको होतं. अक्षराचा आकार माणसाबरोबर जावा. अंगाचं माप जिथे घेतलं तिथेच राहावं. दोन फडताळं त्यासाठीच असतात, आणि त्या भांडणाऱ्या लोकांतला निम्मा भाग हेच ओरडून सांगत होता.

तर मामा, या पत्राचं प्रयोजन एवढंच, की मूळ लेखक म्हणून तुमचं मत हवं आहे. शेवटचं माप मशीनमध्येच ठेवावं, की ठेवूच नये, आणि प्रोग्राम दर वेळी कोरा उघडावा? नीट विचार करून कळवा. घाई नाही.

घरात तुमच्याशिवाय कोणी नाही, तेव्हा खिडकीतल्या कुंड्यांना माझा नमस्कार सांगा, आणि शिवणयंत्राला तेल द्या.

तुमची,
हात लावणारी भाची

ता. क. घाई नाही असं वर लिहिलंय ते खोटं आहे, आणि मत हवंय तेही. दुरुस्ती मंगळवारीच झाली. चार ओळींचं काम होतं. मापं आता ज्या त्या मशीनमध्ये राहतील, कोणाला काही दिसणार नाही. नवा प्रोग्राम तयार आहे आणि मी तो पाठवलेला नाही. पाठवला की पाहुणे यायचे थांबतील, आणि मग मला काहीच कळायचं नाही.

ता. क. दुसरा. पाचवं मशीन म्हणजे कंपनीने निवृत्तीच्या दिवशी तुम्हाला दिलेला लॅपटॉप. प्रोग्रामसकट 'कपडेपट' खातं त्यात तेव्हापासून तसंच आहे, ते बंद करायचं कोणालाच सुचलं नाही. रविवारी तुम्ही आईला फोनवर सांगता, "मस्त चाललंय", आणि सोमवारी सव्वादहाला स्वतःचं माप घेऊन स्वतःच्या विजारी आत घेता. खालच्या शिंप्याकडे देत नाही, कारण तो विचारेल. पाच महिन्यांत साडेचार इंच, मामा. वहीत सगळे आकडे आहेत. तो खांदा मी पहिल्याच दिवशी ओळखायला हवा होता. कापडाचे तागे वाहून तो तसा झालाय हे इस्त्रीवाल्यांच्या हाताला कळलं आणि मला डोळ्यांनी कळलं नाही. लहानपणी त्या खांद्यावर बसायचे तेव्हा तो वरून बघितलेला, समोरून कधी बघितला नाही. आणि तेरा महिन्यांत मी तुमच्याकडे फिरकलेही नाही.

अजून एक, तेही सांगून टाकते. गाठोडं दोन्हीकडे जात होतं. तुमचं माप जसं आमच्याकडे येत होतं तशी आमच्या नाटकाची यादी तुमच्याकडे जात होती. म्हणजे दर सोमवारी तुम्ही एकट्याने मशीन उघडलंत की स्वतःच्या अंगाखाली तुम्हाला नावं दिसत असणार, 'राजा', 'पहारेकरी दुसरा', 'बुडालेली मुलगी', आणि गेल्या महिन्यापासून 'प्रेत, अंक तिसरा'. तुम्ही लिहिलेल्या प्रोग्राममध्ये, तुम्ही न लिहिलेलं. आणि तुम्ही मला एका शब्दाने विचारलं नाहीत. शरीराबरोबर डोकंही चाललं असं वाटलं ना? म्हणून गप्प बसलात ना? तुमचं डोकं शाबूत आहे. ती चूक माझी आहे, साडेचार मिनिटांची. हे तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं.

ता. क. तिसरा, जिन्यात बसून, पेन्सिलीने. हे पत्र टपालाने आलेलं नाही हे पाकिटावर तिकीट नाही त्यावरून कळलंच असेल. आत्ता गुरुवारचे अकरा वाजलेत. मी दोनदा घंटा वाजवली. तुम्ही आतूनच म्हणालात, "बरा आहे गं, जरा पडलोय, पुढच्या आठवड्यात ये." म्हणून दाराच्या फटीतून पाकीट आत सरकवलं आहे, आणि हे शेवटचं पान लिहून झालं की मागोमाग सरकवते. माझी वर्गातली मैत्रीण डॉक्टर आहे, ती बॅग घेऊन खाली गाडी लावायला जागा शोधते आहे. तुमच्या गल्लीत ती मिळायला वेळ लागेल, तेवढ्यात विजार नीट करून घ्या. ती माप घेणार नाही, फक्त वजन करील आणि रक्त घेईल. तुम्ही पानं क्रमाने वाचणार, आणि सगळ्यात महत्त्वाचं मी सगळ्यात शेवटी, अशा ठिकाणी ठेवलंय, की तुम्ही इथवर पोचेपर्यंत मला पायरीवर अर्धा तास बसावं लागणार. कुठे काय ठेवावं हे मला अजून नीटसं जमत नाही. असू दे. मी बसते. आतून पानं उलटल्याचा आवाज येतोय. पाचवं चाललंय बहुतेक. कडी काढा, मामा.